खोटी टाकी

गोल्डविंगची टाकी खोटी आहे. मोटारसायकलवर जिथे पेट्रोल असतं, जिथे गुडघे टेकतात आणि कंपनीचं नाव झळकतं, तिथे १९७५च्या होंडा जीएल १०००वर टाकीच्या आकाराचं चक्क एक कपाट बसवलेलं आहे. दोन बाजूंना दोन झाकणं, वर एक. आत फ्यूज आणि वायरिंग, रेडिएटरच्या जादा पाण्याचं भांडं, एअर फिल्टर, हत्यारांचा ट्रे, आणि सुरुवातीच्या गाड्यांमध्ये तर किकचा दांडासुद्धा आतच ठेवलेला. बॅटरी उतरली तर तो काढायचा, इंजिनाला जोडायचा आणि १००० सीसीच्या यंत्राला लाथ घालायची. खरं पेट्रोल सीटखाली, फ्रेमच्या पोटात, १९ लिटर.

गॅरेजमध्ये कोणी नवखा आला की आमचा मालक ही झाकणं उघडून दाखवतो आणि समोरच्याचा चेहरा बघत राहतो. बहुतेक जण हसतात. एखादा फसवणूक झाल्यासारखं तोंड करतो. मला विचाराल तर या गाडीचा सगळा स्वभाव त्या कपाटात आहे. पेट्रोल जड असतं. ते वर ठेवलं की गाडी वळणात डोलते, खाली ठेवलं की कोरडं तोललं तरी २६५ किलो भरणारं हे धूड हाताला हलकं लागतं. हे चालवणाऱ्याला सांगत बसायची कारखान्याला गरज वाटली नाही. डोळ्यांना सवयीचा आकार हवा असतो, तो वर ठेवून दिला आणि काम गुपचूप खाली हलवलं.

मी मूळचा पुण्याचा. पॉलिटेक्निक झाल्यावर पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात क्वालिटी विभागात नोकरी, आणि नोकरीतून वेळ मिळेल तेव्हा नाना पेठेतल्या एका गॅरेजवर पडीक. तिथे येझदी, राजदूत, बुलेट यांचं राज्य होतं. ऐंशीच्या दशकात आरएक्स १०० आली आणि मेस्त्रींची नखं संध्याकाळपर्यंत जरा बरी दिसायला लागली. पुढे नोकरीनेच अमेरिकेत आणलं, ओहायो राज्यात, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात. तिथून निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून कोलंबस शहराच्या वायव्येला, रूट ३३च्या जवळ असलेल्या एका गॅरेजात जायला लागलो. जुन्या जपानी टूरिंग मोटारसायकली खोलून पुन्हा उभ्या करायच्या, एवढंच काम तिथे चालतं. मालक अमेरिकन, माझ्याहून थोडा मोठा, मेरिसव्हिलच्या होंडा कारखान्यात लाइनवर उभा राहिलेला. कपडे काळे करायला मी नवी जागा शोधली आहे, असं आमच्या हिचं म्हणणं.

मेरिसव्हिलमुळे या जपानी गाडीची कहाणी थोडी वाकडी होते. तिथे १९७९ साली होंडाने मोटारसायकली बनवायला सुरुवात केली आणि १९८०पासून गोल्डविंगची दुसरी पिढी, जीएल ११००, तिथेच जोडली जाऊ लागली. १९८३मध्ये हार्ली-डेव्हिडसनच्या अर्जावरून रेगन सरकारने ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेला. होंडासकट जपानी कंपन्यांनी मग साडेसातशेची इंजिनं सातशेच्या आत कोंबून अमेरिकेत पाठवली. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जपानी समजली जाणारी गोल्डविंग मात्र करातून सुटली, कारण ती ओहायोतल्या मक्याच्या शेतांमध्ये तयार होत होती. १९८५पासून तिचं इंजिनही जवळच्याच ॲना गावात बनू लागलं. आमच्या मालकाला यात कसलाही विरोधाभास दिसत नाही. एखाद्या जीएल १२००चा क्लॅम्प वाकडा निघाला की तो म्हणतो, "हा मीच आवळला असणार. सोमवारी सकाळी."

गाडीमागचा विचार मला कळला तो तिचं इंजिन बाकावर घेतल्यावर. होंडाने १९६९मध्ये सीबी ७५० काढून सामान्य माणसाच्या हातात चार सिलिंडर दिले, आणि १९७२मध्ये कावासाकीने झेड १ काढून त्यावर कडी केली. याला उत्तर म्हणून आणखी पळणारी गाडी काढली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्याच १९७२मध्ये शोइचिरो इरिमाजिरी यांच्या देखरेखीखाली एक प्रयोगाची गाडी बांधली गेली, एम १ नावाची. सुमारे दीड लिटरचं, आडव्या सहा सिलिंडरांचं इंजिन. इरिमाजिरी म्हणजे साठच्या दशकातल्या होंडाच्या शर्यतीच्या पाच आणि सहा सिलिंडरी इंजिनांमागचा माणूस. मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणारी ती किंचाळणारी यंत्रं. अशा माणसाने शांत, सावकाश, लांबच्या वाटेचं इंजिन करायला घ्यावं याची मला फार मौज वाटते. पुढे तेच मेरिसव्हिलच्या कारखान्याचे प्रमुख झाले, आणि त्याहीनंतर व्हिडिओ गेमवाल्या सेगा कंपनीचे. माणसाला एकच वेड असावं असा काही नियम नाही.

सहा सिलिंडरांचं इंजिन लांबीला फार झालं, चालवणाऱ्याच्या पायांना जागा उरेना. मग तोशियो नोझुए यांच्या गटाने दोन सिलिंडर कमी केले, गिअरबॉक्स मागे जोडायच्या ऐवजी क्रँकशाफ्टच्या खाली घेतला आणि इंजिन आखूड केलं. ही गाडी १९७४च्या हिवाळ्याआधी कोलोनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ९९९ सीसी, पाण्याने थंड होणारं, साखळीऐवजी शाफ्टने मागचं चाक फिरवणारं. (सहा सिलिंडर शेवटी आलेच, पण १९८८मध्ये, जीएल १५००वर, आणि येताना रिव्हर्स घेऊन आले, स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स. नाना पेठेत कोणी हे सांगितलं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.)

यातली एकेक गोष्ट चालवणाऱ्याच्या डोक्यावरचा एकेक विचार काढून घेण्यासाठी आहे. साखळीला तेल घाला, ताण बघा, ती पँटवर तेल उडवेल, कुठेतरी तुटेल, हा विचार शाफ्टने काढला. उन्हात, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापेल हा विचार पाण्याने काढला. आणि एक विचार तर आपल्याला होता हेही कळायच्या आत काढला. क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीत बसवलेला असला की रेस देताच गाडी एका बाजूला झुकते. जुन्या बीएमडब्ल्यूवर किंवा मोटो गुझीवर सिग्नलला उभं राहून ज्याने मूठ पिळली असेल त्याला हा हेलकावा माहीत असतो. जीएल १०००मध्ये अल्टरनेटर क्रँकच्या उलट दिशेने फिरवला आहे. दोन्ही हेलकावे एकमेकांना खाऊन टाकतात. व्यवस्थित लावलेल्या इंजिनावर मालक नाणं उभं करून दाखवतो आणि रेस देतो. नाणं उभं राहतं. चालवणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही, आणि न जाणवणं हेच तर साधायचं होतं.

आता हे सगळं आमच्या बाजूने बघा. चालवणाऱ्याने विसरून जावं म्हणून जे जे आत दडवलं, ते ते मेस्त्रीला शोधून काढावं लागतं. तो अल्टरनेटर इंजिनाच्या पाठीशी आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्याच्या स्टेटरच्या गुंडाळीवरचं वार्निश करपलेलं असतं, किंवा बाहेर येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर गंजून तापून वितळलेला असतो. कनेक्टरपर्यंत हात पोचतो. जुने मेस्त्री तो कापून टाकून तारा सरळ डाग देऊन जोडतात, आम्हीही तेच करतो. पण स्टेटर बदलायचा तर चार सिलिंडरी गोल्डविंगचं अख्खं इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं. दुसरा रस्ता नाही. खरी टाकीही तशीच. फ्रेमच्या पोटात असल्याने वर्षानुवर्षं तिच्यात कोणी डोकावलेलं नसतं, आणि मागच्या बाजूची बरीच खोलाखोल केल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. निघाली की उलटी करून हलवायची. आत गंजाच्या खपल्या खुळखुळतात. मग सायट्रिक ॲसिड, मग धुणं, मग पुन्हा सायट्रिक ॲसिड, आणि शेवटी वायरला लावलेला छोटा दिवा आत सोडून बघणं.

कामाची सुरुवात मात्र स्क्रूपासून होते, आणि पोरांचे निम्मे पराक्रम तिथेच होतात. जपानी गाड्यांचे अधिक चिन्हाचे स्क्रू आणि अमेरिकेतल्या दुकानात मिळणारा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर दिसायला सारखे. पण जपानी मापाची खाच वेगळ्या कोनाची असते. त्यात फिलिप्स घालून जोर केला की टोक वर सरकतं आणि खाचेचं भजं होतं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो, तो बघायचा आणि जपानी मापाचंच हत्यार घ्यायचं. गॅरेजात येणाऱ्या बहुतेक गोल्डविंगच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू आधीच्या कोणीतरी असे बिघडवलेले असतात. स्क्रू बघून गाडी कोणाकोणाच्या हातून गेली आहे ते कळतं. इथे रविवारी हौसेने बसलेला मालक, इथे घाईतला मेकॅनिक, आणि इथे, बघा, कुणीतरी स्क्रूवर हलके ठोके मारून, तेल सोडून, रात्रभर थांबून तो काढलेला आहे. त्या अनोळखी माणसाबद्दल मला आदर वाटतो.

चार कार्ब्युरेटर एकाच पट्टीवर जोडलेले येतात. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. सत्तरच्या दशकातली रबरं त्याच्यासाठी बनलेली नव्हती. शिवाय इथला हिवाळा लांब. गाडी नोव्हेंबरात झाकली, पेट्रोल तसंच राहिलं, की वसंतापर्यंत त्याचा पिवळा चिकट थर जमतो आणि त्याला एक आंबूस वास येतो. तो वास आला की काय काय बुजलं असेल ते न उघडता सांगता येतं. अल्ट्रासॉनिक टबमध्ये कार्ब्युरेटरचे भाग घालायचे, काढायचे, हवा मारायची. संथ चालीच्या जेटचं भोक इतकं बारीक की ते साफ करायला गिटारची सर्वांत बारीक तार लागते. जाड तार घातली तर भोक मोठं होतं, आणि मग ती गाडी सिग्नलला कधीच नीट उभी राहत नाही. तारेचं एक वेटोळं माझ्या खणात कायम असतं. घरी गिटार वाजवणारं कोणी नाही, तरी दुकानदार मला ओळखतो.

टायमिंग बेल्ट हा विषय मी कुणाशीही तडजोडीला घेत नाही. या जुन्या गोल्डविंगमध्ये दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट दातेरी रबरी बेल्टवर फिरतात. गिऱ्हाईक म्हणतं, एकदा चालू तर करून बघू, मग बदला. नाही. बेल्ट तुटला किंवा दाते निसटले तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि बाहेर येणारा पिस्टन यांची भेट होते आणि ती भेट फार महागात जाते. वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून पडलेला बेल्ट बाहेरून ठणठणीत दिसतो. बदलायचा, मगच स्टार्टरला हात लावायचा. मालकाची आणि माझी या बाबतीत इतकी एकवाक्यता आहे की गिऱ्हाइकाला आम्ही दोघांनी मिळून पाठ केलंय असं वाटतं.

सगळ्यांत आवडीचं काम म्हणाल तर कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवणं. पाऱ्याच्या चार उभ्या नळ्या, प्रत्येक नळी एकेका सिलिंडरच्या वाटेला जोडलेली. इंजिन चालू केलं की चार पारे चार उंचीवर नाचतात. गाडी खडखडते, आरसे थरथरतात, क्लचकडून पत्र्याचा डबा हलवल्यासारखा आवाज येतो आणि शिकाऊ पोरगा म्हणतो, बेअरिंग गेलं. बेअरिंग गेलेलं नसतं. एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, दुसरा फिरवायचा, पुन्हा पहिल्याकडे यायचं. पारे एका रेषेत आले की तो खडखडाट विरतो आणि आरशात मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. इतका वेळ इंजिनाशी बोलल्यानंतर फळ काय, तर इंजिन आता काही बोलत नाही.

शेजारच्या गाळ्यात जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर काम करणारा एक गृहस्थ आहे. नॉर्टन, ट्रायम्फ. त्याचं गोल्डविंगबद्दलचं मत ठरलेलं आहे: शिवणयंत्र. आत्मा नाही. त्याची नॉर्टन सकाळी चालू होईल की नाही हे हवामान आणि देव ठरवतात, उभी राहिली की खाली तेलाचा नकाशा काढते, आणि तो या सगळ्यावर जिवापाड प्रेम करतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही, कारण येझदीवर मीही तसंच प्रेम केलेलं आहे. जी गाडी रोज आपली परीक्षा बघते तिच्याशी नातं पटकन जमतं, यात शंका नाही. पण त्या नात्यात गाडी सतत मध्ये असते. खंडाळ्याच्या घाटात येझदीवर जाताना मी घाट कधी पाहिलाच नाही. कान कायम सायलेन्सरकडे, नाक क्लचच्या वासाकडे. शिवणयंत्राला आत्मा नसेलही. माझ्या आईने त्यावर आमच्या घराचे पडदे शिवले, आणि शिवताना ती मशीनकडे कधी बघत नव्हती, आमच्याकडे बघत होती.

रंगाच्या बाबतीत मात्र आमचं गॅरेज हट्टी आहे, आणि इथे मालकाचं आणि माझं पटत नाही. पहिल्या वर्षीची जीएल १००० दोन रंगांत आली, कँडी अँटारेस रेड आणि कँडी ब्लू ग्रीन. कँडी रंग म्हणजे खाली चमकदार धातूचा थर आणि वर पारदर्शक रंगाचे थर. उजेड आत जाऊन परत येतो म्हणून रंगाला खोली दिसते. ते देखणं असतं, पण थर एक जास्त पडला की छटा बदलते, आणि खरचटलेली जागा तेवढीच भरून काढता येत नाही. अख्खा भाग पुन्हा मारावा लागतो. उन्हात राहिलेली गाडी वरच्या बाजूला फिकी पडते. मालकाला सगळं नवं हवं. माझं म्हणणं, टाकी खोटी आहे, तिच्यावरचा रंग तरी खरा राहू द्या. जिथे गुडघे घासून रंग पातळ झालाय तिथे कोणीतरी बसून गेलं आहे. हा वाद आम्ही जिंकत-हरत नाही, गिऱ्हाइकावर सोपवतो. गिऱ्हाईक नवा रंग मागतं. मालक माझ्याकडे बघून काही बोलत नाही, हा त्याचा चांगुलपणा.

त्याच कारणाने मला एका गाडीचा आनंद झाला नाही. एका डेंटिस्टची. पैशाची ददात नव्हती. त्याला कारखान्याने दिली त्याहून चकचकीत गोल्डविंग हवी होती: क्रोम सगळीकडे, बोल्टसुद्धा पॉलिश केलेले, कार्ब्युरेटरच्या पितळी भागांत तोंड दिसावं असे. आम्ही केली. उत्तम झाली. तो तिला ट्रेलरवर घालून प्रदर्शनांना नेतो, बक्षिसं आणतो, ट्रेलरवर परत नेतो. पुढे कधीतरी ती आमच्याकडे आली, न चालल्यामुळे कार्ब्युरेटर पुन्हा तुंबले होते. लांबच्या वाटेसाठी बांधलेल्या गाडीने ट्रेलरवरून राज्यं ओलांडावीत, यात काय गैर आहे ते मला नीट मांडता येत नाही. पैसे त्याचे, गाडी त्याची. पण पारे जुळवताना मला तिच्या आरशात काही वाचून बघावंसं वाटलं नाही.

जुलैत लेक्सिंग्टनजवळच्या मिड-ओहायो ट्रॅकवर जुन्या मोटारसायकलींची जत्रा भरते, अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनची. शर्यती एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला माळभर पसरलेला सुट्या भागांचा बाजार. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फिरलेल्या माणसाला इथे कोणी काही शिकवायला नको. ताडपत्रीवर ढीग: गंजलेले डिस्क, फुटके इंडिकेटर, एकाच पायाचे फूटरेस्ट, आणि क्रेग व्हेटरच्या विंडजॅमर फेअरिंग, ओळीने. पहिली गोल्डविंग उघडी आली होती, समोरून वारा अंगावर घेणारी. लांब जाणाऱ्यांनी इलिनॉयमधल्या रँटूलला बनणाऱ्या या फेअरिंग घेऊन तिला बसवल्या, पेट्या लावल्या, आणि मगच १९८०मध्ये होंडाने फेअरिंग आणि पेट्यांसह इंटरस्टेट नावाचं मॉडेल काढलं. टूरिंग मोटारसायकल कारखान्याने अर्धी आणि रस्त्यावरच्या लोकांनी अर्धी बनवली, असं म्हणायला हरकत नाही. मराठी मंडळातले दोन-तीन मित्रही या जत्रेला येतात. सगळं मन लावून बघतात, चार सिलिंडर, शाफ्ट, उलटा अल्टरनेटर, आणि शेवटी हळूच बाजूला घेऊन विचारतात, "किती देते हो?" पंधरा-सोळा देते, म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. आपण कुठेही गेलो तरी हा प्रश्न आपल्याबरोबर व्हिसा घेऊन येतो.

दुरुस्त झालेली गाडी मीच चालवून बघतो, ही माझी अट. गॅरेजपासून रूट ३३ धरायचा, कोलंबसला वळसा घालून आग्नेयेला लँकेस्टर, लोगन. लोगननंतर सपाट ओहायो संपतं, टेकड्या आणि झाडी सुरू होते. सुरुवातीची काही मिनिटं माझं लक्ष सगळं खाली असतं. पाण्याच्या पंपाशी थेंब तर नाही, ब्रेक समान धरतात का, शाफ्टमुळे मूठ पिळली की मागचा भाग जो जरासा उचलतो तो नेहमीएवढाच आहे ना. मग एक क्षण असा येतो की मी कसला तरी विचार करत असतो, पुण्याच्या घराच्या भाडेकरूचा, संध्याकाळच्या भाजीचा, आणि दचकून लक्षात येतं की गाडीकडे माझं लक्षच नव्हतं. तिथे वळतो. काम झालेलं असतं. वळणांची ज्यांना हौस ते पुढे झेन्सव्हिलहून निघणाऱ्या ५५५ नंबरच्या रस्त्यावर जातात, पण गोल्डविंगला तिथे नेणं म्हणजे पाहुण्याला उखाणा घ्यायला लावणं. नेते ती, तक्रार करत नाही, पण तिची जागा तिथली नव्हे.

मागच्या उन्हाळ्यात एका निवृत्त पोस्टमनची १९७७ची जीएल १००० आम्ही उभी केली. त्याने रंग करू दिला नाही, खर्च वाचवायला. माझ्याकडे बघून मालकाने खांदे उडवले. स्टेटर, बेल्ट, कार्ब्युरेटर, टाकी, ब्रेकच्या नळ्या, सगळं केलं. त्याला रूट ५० धरून कॅलिफोर्नियाला जायचं होतं. तो रस्ता आमच्या ३३ला अथेन्सजवळ भेटतो आणि सेंट लुईस, कॅन्सस, कोलोराडो, नेव्हाडा करत पार सॅक्रामेंटोपर्यंत जातो. मध्ये मोनार्क पास लागतो, ११,३१२ फूट, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे हवा विरळ, कार्ब्युरेटरला पेट्रोल जास्त जातं, इंजिन गुदमरतं. तो निघाल्यापासून माझ्या डोक्यात तेवढा एक घाट होता. मी तर जेट थोडे बारीक घालून देऊ का असंही विचारलं होतं, तो नको म्हणाला.

सप्टेंबरात तो परत आला. तोंड रापलेलं, दाढी वाढलेली. अर्धा तास बोलत उभा होता. कॅन्ससमध्ये वारा इतका आडवा की सगळा दिवस तिरकं चालवलं. डॉज सिटीजवळ एका खानावळीत पीच पाय, तशी त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती. नेव्हाडात सकाळभर समोरून एकही गाडी आली नाही. एका पेट्रोल पंपावर कुत्र्याने त्याचा हातमोजा पळवला. मालक हसत ऐकत होता. माझ्याच्याने शेवटी राहवेना, मी विचारलं, "मोनार्क पासवर तिला धाप लागली का?"

"कोणाला?" तो म्हणाला. "बायको तर घरीच होती."

मग निघता निघता त्याला आठवलं. डाव्या इंडिकेटरचा बल्ब गेला होता, कुठे ते त्याला सांगता येईना. मालकाने बल्बचे पैसे लावले, मजुरी लावली नाही.